वाचनालयाचे वर्ष दिवाळीला सुरू होते

सरकारी कागदांत वाचनालयाचे वर्ष १ एप्रिलला सुरू होते आणि ३१ मार्चला संपते. अनुदान, हिशेबतपासणी, वार्षिक अहवाल, सगळे त्या तारखांना बांधलेले. वाचकांना या तारखांशी काही देणेघेणे नसते. त्यांचे वर्ष दिवाळीच्या आठवड्यात सुरू होते. अंकांचे गठ्ठे सुटतात, त्यांना खाकी कागदाची कव्हरे चढतात, शिक्के बसतात आणि उन्हाळ्यापासून न फिरकलेले सभासदही ‘अमुक अंक आला का?’ असे विचारत टेबलापाशी उभे राहतात. छोट्या गावातल्या वाचनालयाचा कारभार असा दोन पंचांगांवर चालतो: एक जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यासाठी, दुसरे वाचकांसाठी. कार्यक्रमांची आखणी यांपैकी कोणत्या पंचांगावरून होते, त्यावर वाचनालयाची तब्येत बरीचशी ओळखता येते.

महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा हजारांहून अधिक आहेत आणि त्यांतली बहुसंख्य ‘क’ आणि ‘ड’ या खालच्या वर्गांतली. एक-दोन खोल्या, लोखंडी कपाटे, वर्तमानपत्रांचे लांब टेबल, एक ग्रंथपाल आणि असलाच तर एक शिपाई. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाने त्यांना मान्यता आणि अनुदान मिळते. चालवतात मात्र गावातल्या नोंदणीकृत संस्था. तमिळनाडू आणि कर्नाटकात मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर गोळा होतो. आपल्या कायद्यात तशी तरतूद नाही. त्यामुळे वर्गणी, देणग्या आणि अनुदान एवढ्यावर भागवावे लागते. २०२२-२३ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढले तेव्हा ‘ड’ वर्गाचे वर्षाचे ३० हजार रुपये ४८ हजार झाले. म्हणजे महिन्याला चार हजार. त्यात ग्रंथपालाचे मानधन, वर्तमानपत्रे, वीजबिल, नवी पुस्तके. कार्यक्रमाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो.

मग कार्यक्रम करायचेच कशाला? पुस्तके द्यावीत-घ्यावीत आणि संध्याकाळी कुलूप लावावे. असे म्हणणारे कार्यकारिणी सदस्य असतात आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नसते. कारण पुष्कळ कार्यक्रम वाचनालयाच्या नावाने होतात, पण त्यांचा पुस्तकांशी संबंध बॅनरपुरता असतो. माझ्या मते कसोटी सोपी आहे. कार्यक्रम संपल्यावर आलेल्यांपैकी काही माणसे देवघेवीच्या टेबलाकडे वळतात का? वळत असतील तर तो वाचनालयाचा कार्यक्रम. नसतील तर तो गावातल्या कुठल्याही मंगल कार्यालयात झाला असता तरी चालले असते. या कसोटीवर बारा महिने तपासले तर एक गोष्ट लक्षात येते: जे उपक्रम ऋतू, सण, सुट्ट्या आणि परीक्षा यांच्या ओघात येतात ते टिकतात, आणि शासकीय परिपत्रकातल्या तारखेमुळे होतात ते बहुधा फोटोपुरते उरतात.

दिवाळी अंक योजना हा या ओघातला सर्वांत जुना आणि सर्वांत यशस्वी उपक्रम. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तिथपासून ही परंपरा मोजली जाते. आज दरवर्षी शेकडो अंक निघतात. एकेका अंकाची किंमत पाहता घरी चार-पाचांपेक्षा जास्त घेणे मध्यमवर्गीयालाही जड जाते. वाचनालय इथे कामाला येते आणि त्यामागचे गणित पाहण्यासारखे आहे. समजा, वाचनालयाने सरासरी ३०० रुपयांचे ६० अंक घेतले. खर्च १८ हजार. योजनेची वर्गणी ३०० रुपये ठेवली आणि ६० सभासद मिळाले, की अंकांचा पैसा वसूल. अंक तीन दिवसांत परत करायचा असा नियम असला आणि योजना फेब्रुवारीअखेर चालली, तर एकेक अंक तीसहून अधिक हातांतून जाऊ शकतो. म्हणजे १८ हजारांत जवळपास दोन हजार वेळा वाचन. एवढ्या कमी खर्चात एवढे वाचन घडवणारी दुसरी योजना छोट्या वाचनालयाकडे नाही.

आणि ती ‘कार्यक्रम’ आहे हे विसरले जाते. पहिल्या पंधरवड्यात नावाजलेल्या अंकांवर उड्या पडतात. चाणाक्ष ग्रंथपाल तेव्हा दोन अंकांची जोडी देतो: एक मागितलेला, एक न मागितलेला. आरोग्याचा, शेतीचा, विनोदाचा, एखाद्या जिल्ह्याच्या गावातून निघणारा लहानसा अंक अशा जोडीनेच वाचकापर्यंत पोहोचतो. जानेवारीच्या शेवटी काही वाचनालये अंकांवर चर्चा ठेवतात. पाहुणा लागत नाही. ज्यांनी अंक वाचले तेच बोलतात: कोणती कथा आवडली, कोणती मध्येच सोडली, मुखपृष्ठावर कोणाचे चित्र आहे. मार्चमध्ये वाचून झालेले अंक अल्प किमतीला विकले जातात आणि त्या रकमेतून पुढच्या वर्षाची उचल होते. योजनेत आलेल्यांपैकी काही जण पुढे वर्षाचे सभासद होतात. वर्गणी वाढवण्यासाठी दारोदार पावती-पुस्तके घेऊन फिरण्यापेक्षा हे बरे.

दिवाळीच्या जरा आधी १५ ऑक्टोबर येतो. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. शाळांत त्या दिवशी दप्तर बाजूला ठेवून अवांतर वाचन करायचे असते. वाचनालयाने या दिवशी स्वतंत्र समारंभ करण्यापेक्षा शाळेत पुस्तकांच्या दोन पेट्या नेऊन ठेवाव्यात आणि त्या महिनाभर तिथेच राहू द्याव्यात. मुले एका दिवसात प्रेरित होत नाहीत. पेटी वर्गात पडून राहिली, तर कंटाळलेल्या तासाला कोणीतरी ती उघडतेच.

पेटीची ही कल्पना नवी नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानात ग्रंथालय खाते उभे केले. मोठे मध्यवर्ती ग्रंथालय तर झालेच, पण त्याहून दूरदृष्टीचे काम म्हणजे खेड्यांसाठी फिरत्या पेट्या. पुस्तकांनी भरलेली पेटी गावात जायची, काही काळ राहायची आणि परत येऊन दुसऱ्या गावाला निघायची. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी याच खात्याची दृश्य शाखा होती. ती गावोगाव जाऊन मॅजिक लँटर्नच्या काचचित्रांचे आणि पुढे चलचित्रांचेही खेळ करी. ग्रंथालयाने ‘इव्हेंट’ करायचे की नाहीत, हा प्रश्न बडोद्याला शंभर वर्षांपूर्वीच पडला होता आणि त्यांनी तो कंदिलाच्या उजेडात सोडवला होता. आपल्या काळात नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या आश्रयाने विनायक रानडे यांनी चालवलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमानेही पेटीवरच भरवसा ठेवला.

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ हळदीकुंकवाचा. वाचनालयांनी या काळाकडे दुर्लक्ष करू नये, कारण दुपारी मोकळ्या असलेल्या वाचक बायका हा छोट्या गावातल्या वाचनालयाचा मोठा आधार असतो. स्वतः यायला वेळ मिळाला नाही तरी त्या मुलाला चिठ्ठी देऊन पुस्तक मागवतात. काही ठिकाणी वाचनालयात तिळगूळ समारंभ होतो आणि प्लास्टिकच्या डब्याऐवजी वाण म्हणून छोटे पुस्तक दिले जाते. मला यातली अधिक चांगली पद्धत अशी वाटते: वाण म्हणून तीन महिन्यांचे सभासदत्व द्यायचे. पुस्तक घरी जाऊन फडताळात बसते, सभासदत्वासाठी मात्र पुन्हा यावे लागते. आणि बोलावणे फक्त सवाष्णींना असता कामा नये. तिळगूळ सर्वांना द्यायचा असतो, पुस्तकही सर्वांना. पुस्तक भिशीचा प्रयोगही इथे चांगला रुजतो. नेहमीच्या भिशीसारखी दरमहा ठरावीक रक्कम काढायची, चिठ्ठी उचलायची, आणि जिचे नाव निघेल तिने रोख न घेता पुस्तके घ्यायची. पुस्तके वाचून झाली की ती गटात फिरतात. वाचनालयाने फक्त बसायला जागा आणि नव्या पुस्तकांची यादी द्यायची.

जानेवारीत १४ ते २८ मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, फेब्रुवारीत २७ तारखेला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन. या दोन्हींबद्दल लांबण लावण्याचे कारण नाही. ग्रंथदिंडी निघते, लेझीम असते, पालखीत ग्रंथ असतात, सुंदर दिसते. फक्त पालखीतले ग्रंथ दरवर्षी तेच असतात. त्यात त्या वर्षी वाचनालयाने घेतलेली नवी पुस्तके ठेवली, तर दिंडी निदान जाहिरातीचे तरी काम करील.

मार्च हा परीक्षांचा. या महिन्यात वाचनालयाने गप्प बसावे. अभ्यासिका उशिरापर्यंत उघडी ठेवणे, पंखे चालू आहेत ना, पिण्याचे पाणी आहे ना हे पाहणे, हाच या महिन्याचा कार्यक्रम. दहावी-बारावीच्या मुलांबरोबर आता स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी वर्षभर जागा धरून बसलेले असतात. कित्येक वाचनालयांत सर्वाधिक गर्दी त्यांचीच असते आणि त्यांतले फार थोडे कपाटाकडे जातात. याबद्दल जुने सभासद नाराज असतात. मला ती नाराजी पटत नाही. घरात एकांताची एक चौरस फूटही जागा नसलेल्या मुलाला टेबल आणि दिवा देणे हेही सार्वजनिक वाचनालयाचेच काम आहे. एप्रिलमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जयंतीच्या निमित्ताने अनेक ठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. मिरवणुकीच्या गदारोळात तो शांतपणे चाललेला असतो. माझ्या कसोटीवर हा शंभर टक्के उतरणारा कार्यक्रम: ना व्यासपीठ, ना हार, समोर पुस्तक आणि खाली मान.

व्याख्यानांची परंपरा मात्र वसंताची. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात १८७५ मध्ये वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगाव तिची धाकटी भावंडे निघाली. पुष्कळ ठिकाणी त्यांचे यजमानपद वाचनालयाकडेच आले, कारण गावात खुर्च्या, टेबल आणि पाणी देणारा माणूस असलेली ती एकमेव तटस्थ जागा होती. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे. तार, रेल्वे, विद्यापीठ यांच्याही आधी या संस्था उभ्या राहिल्या. तिथे वर्तमानपत्रे मोठ्याने वाचली जात, वाद होत, ठराव होत. वाचनालय म्हणजे ‘शांतता राखा’ ही पाटी ही समजूत नंतरची.

आजच्या व्याख्यानमालेचे दुखणे वक्त्यांत कमी आणि रचनेत जास्त आहे. साडेसहाची वेळ छापलेली असते. सातला दीपप्रज्वलन. मग ईशस्तवन, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, देणगीदारांचा सत्कार, अध्यक्षांचे मनोगत. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. वक्ता उभा राहतो तेव्हा पावणेआठ झालेले असतात आणि मागच्या रांगेतल्या बायकांना स्वयंपाक खुणावत असतो. भाषण संपते, आभार होतात आणि वाचनालयाला कुलूप लागते, कारण देवघेवीची वेळ आठपर्यंतच असते. ज्या विषयावर तासभर ऐकले त्यावरचे पुस्तक मागायची इच्छा अगदी त्याच क्षणी सर्वांत तीव्र असते, आणि त्याच क्षणी कपाट बंद. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरा करतो, आणि अनेकदा दोन तासांच्या सत्कार समारंभाने करतो.

उपाय खर्चाचा नाही. वक्त्याचा परिचय छापील पत्रिकेवर द्यावा. सत्कार एकच, तोही शेवटी. सभागृहाच्या दाराशी एक टेबल लावून त्या विषयावरची वाचनालयातली वीस-पंचवीस पुस्तके मांडावीत. व्याख्यान दुष्काळावर असेल तर पाणी, शेती, भूगोल, दुष्काळाच्या कादंबऱ्या, सगळे एकत्र. त्या टेबलाशी ग्रंथपाल नोंदवही घेऊन बसावा आणि व्याख्यानानंतर अर्धा तास देवघेव चालू ठेवावी. सभासद नसलेल्यांना तिथेच अर्ज. सकाळी नोंदवही पाहिली की व्याख्यान कसे झाले ते कळते. टाळ्यांवरून ते कळत नाही.

उन्हाळ्याची सुट्टी हा बाल विभागाचा हंगाम. एप्रिलमध्ये परीक्षा संपतात, जूनच्या मध्याला शाळा उघडतात. विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. अनेक वाचनालये या दोन महिन्यांसाठी मुलांना नाममात्र वर्गणीत सभासद करून घेतात. आईवडील मुलांना आणून सोडतात, कारण वाचनालय थंड असते आणि तिथे कोणीतरी लक्ष ठेवते. कारण काही का असेना, मूल आत आले. आता पुढचे आपल्या हातात.

इथे बहुतेक वाचनालये ‘शिबिर’ घेतात: हस्ताक्षर, ओरिगामी, वैदिक गणित, नृत्य. मुले रमतात, पण शिबिर संपते तेव्हा पुस्तकाशी त्यांची ओळख तेवढीच राहते. याउलट रोज अर्धा तास मोठ्याने वाचून दाखवणे, एवढी एकच गोष्ट नेमाने केली तरी फरक दिसतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे किंवा ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या अशा वेळी अजूनही चालतो. प्रकरण रंगात आले की थांबायचे आणि पुस्तक टेबलावर ठेवून द्यायचे. धीर न धरणारे एखादे मूल ते घरी घेऊन जाते. दुसऱ्या दिवशी ते इतरांना पुढचे सांगून टाकते, भांडण होते, आणि आणखी दोन मुले तेच पुस्तक मागतात. प्रती एकापेक्षा जास्त हव्यात, एवढेच. लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तके, थोड्या मोठ्यांसाठी बालभारतीचे १९७१ पासून निघणारे ‘किशोर’ मासिक. त्याचे जुने अंक बांधून ठेवलेले असतील तर ते कपाटातून खाली काढावेत. काचेआडच्या पुस्तकाला मुले हात लावत नाहीत.

मुलांना वर्गीकरणाचा खेळ फार आवडतो, हे मात्र कमी लोकांना माहीत असते. ज्या वाचनालयांत ड्यूई दशांश पद्धत आहे, तिथे विज्ञान ५०० च्या घरात, इतिहास-भूगोल ९०० च्या घरात आणि मराठी साहित्य ८९१.४६ वर असते. मुलांचे दोन गट करावेत, प्रत्येकाला पाच चिठ्ठ्या द्याव्यात. चिठ्ठीवर पुस्तकाचे नाव नाही, फक्त क्रमांक आणि एक प्रश्न, ज्याचे उत्तर त्या पुस्तकाच्या आत आहे. तासाभरात मुलांना सगळी कपाटे पाठ होतात. एरवी मोठे सभासदही वर्षानुवर्षे एकाच कादंबऱ्यांच्या कपाटापाशी उभे राहून ‘नवीन काही आहे का?’ असे विचारत असतात. पुष्कळ छोट्या वाचनालयांत ड्यूई नसते, दाखल क्रमांकानेच पुस्तके लावलेली असतात. तिथे मुलांनाच विषयवार चिठ्ठ्या चिकटवायला सांगावे. काम होते आणि खेळही.

सुट्टी संपताना एक साधा उपक्रम फार उपयोगी पडतो: पाठ्यपुस्तकांची अदलाबदल. नववीत गेलेल्याने आठवीची पुस्तके आणून द्यायची आणि नववीची न्यायची. त्या दिवशी वाचनालयात कधीच न आलेली कुटुंबे येतात. त्यांना वर्गणीचे फॉर्म देण्याची घाई करू नये. दारापासून टेबलापर्यंतचा रस्ता त्यांना कळला, एवढे पहिल्या वर्षी पुरे.

पावसाळ्यात बाहेरचे कार्यक्रम थांबतात आणि आतले काम निघते. कोकणात आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा ऐंशी टक्क्यांच्या वर राहतो. साधारण पासष्ट टक्क्यांच्या पुढे कागदावर बुरशी धरू लागते. कसर खळीवर आणि कापडी बांधणीवर जगते, वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. म्हणून कपाट भिंतीपासून चार बोटे दूर आणि जमिनीपासून वर असावे, पुस्तके कोंबून भरू नयेत, हवा खेळती ठेवावी. ऊन देण्याची आपली जुनी सवय चांगली आहे, पण भर उन्हात कागद ठिसूळ होतो आणि शाई उडते. उघडीप मिळाली की सावलीत, वाऱ्यावर पुस्तके उभी उघडून ठेवावीत.

हे काम ग्रंथपाल एकटा करू शकत नाही, आणि म्हणूनच त्याचा कार्यक्रम करता येतो. ऑगस्टमधल्या एखाद्या रविवारी गावातल्या जुन्या बाइंडरला बोलवावे आणि दहा-पंधरा सभासदांनी त्याच्याकडून शिवण, पाठीची पट्टी, कव्हर शिकून घ्यावे. बाइंडर खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. ते विषारी असते, तेव्हा मुले बरोबर असतील तर तयार पांढरा डिंक वापरावा. सेलोटेप कोणालाही लावू देऊ नये. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि तिचा चिकटा कागदात उतरून पान कायमचे डागाळते. दिवसभरात पन्नास-साठ पुस्तके पुन्हा चालती होतात. स्वतः शिवलेले पुस्तक सभासद जपून वापरतो, आणि बहुतेकदा ते वाचतोही.

पावसाचे दुसरे रूप काही वाचनालयांनी भोगले आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगली नगर वाचनालयात पाणी शिरून हजारो पुस्तके गेली. जुलै २०२१ मध्ये चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची तीच गत झाली. १८६४ पासून चालत आलेल्या या वाचनालयाने २०१३ मध्ये ८६ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे यजमानपद निभावले होते. तालुक्याच्या गावचे वाचनालय काय करू शकते याचे हे उदाहरण. भिजलेल्या कागदाला दोन-तीन दिवसांत बुरशी लागते, म्हणून पूर ओसरल्यावर पहिले अठ्ठेचाळीस तास मोलाचे. कोणती पुस्तके आधी वाचवायची याची यादी तेव्हा करून चालत नाही. स्थानिक इतिहासाची, हस्तलिखिते, गावातल्या लेखकांच्या एकुलत्या प्रती, वाचनालयाची जुनी इतिवृत्ते, जी दुसरीकडे मिळणार नाहीत ती वरच्या फळीवर. नदीकाठच्या प्रत्येक वाचनालयाने मे महिन्यात सभासदांना बोलावून ही पुस्तके वर चढवण्याचा दिवस पाळावा. त्याला उद्घाटक नसला तरी चालेल.

आणि याच सुमाराला, पावसाळ्यात किंवा तो संपता संपता, वाचनालयाची वार्षिक सर्वसाधारण सभा असते. वर्षाच्या सगळ्या कार्यक्रमांत सर्वांत कमी उपस्थितीचा हा कार्यक्रम. सूचना फलकावर लागते, तिच्या तळाशी ठरलेले वाक्य असते: गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल. बहुतेक ठिकाणी तसेच घडते. सात-आठ माणसे अर्धा तास चहा पितात, मग सभा होते, अहवाल मंजूर होतो, अंदाजपत्रक मंजूर होते. कार्यक्रमांवर किती खर्च करायचा, बाल विभागाला किती द्यायचे, अभ्यासिका किती वाजेपर्यंत उघडी ठेवायची, व्याख्यानानंतर टेबल चालू ठेवायचे की नाही, हे सगळे तिथे त्या सात-आठ जणांत ठरते. ते वाईट लोक नसतात. तेवढेच येतात म्हणून तेवढेच ठरवतात.

तुम्ही एखाद्या वाचनालयाचे सभासद असाल तर या वर्षी ती सूचना वाचा, सभेला जा आणि दोनच प्रश्न विचारा: गेल्या वर्षी झालेल्या प्रत्येक कार्यक्रमानंतर किती पुस्तके बाहेर गेली, आणि त्याची नोंद कोणी ठेवली आहे का? सभासद नसाल तर आधी वर्गणी भरा. मताचा अधिकार सभासदालाच असतो.